साठ हजार पौंडांचा एक तास

हिशेबी : काका, पुण्याहून कुणाचा फोन आला की पहिला प्रश्न पगाराचा असतो, आणि सांगितलेला आकडा पुढच्याच क्षणाला रुपयांत गेलेला असतो. ६०,००० पौंड म्हणजे साठ लाखांच्या वर, झालं! मी म्हणते, रुपयांत नका नेऊ, तासांत न्या. इंग्लंडमधले २०२५-२६ चे दर घेऊन करून दाखवते. पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही. तिथून ५०,२७० पर्यंत २० टक्के, म्हणजे ७,५४०. त्यावर उरलेल्या ९,७३० पौंडांवर ४० टक्के, म्हणजे ३,८९२. नॅशनल इन्शुरन्स खालच्या टप्प्यावर ८ टक्के, वरच्यावर २ टक्के, मिळून ३,२११. सगळं वजा जाता हातात ४५,३५७, महिन्याला ३,७८० च्या आसपास. आता आठवड्याचे साडेसदतीस तास गुणिले बावन्न, म्हणजे वर्षाचे १,९५० तास. ढोबळ पगाराने तास ३०.७७ पौंडांचा, हातात येणाऱ्या पगाराने २३.२६ चा. साठ लाख ऐकून जो हवेत जातो, तो २३ पौंड ऐकून जमिनीवर येतो. लंडनच्या घरभाड्याची पावती आणि हा आकडा शेजारी ठेवले की मग बोलणं सुरू करता येतं.

साशंक : बोलणं सुरू करण्याआधी ते बावन्न आठवडे तपास. इथे कायद्यानेच वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बँक हॉलिडे त्यातच धरले तरी तू कामावर असतेस ते ४६.४ आठवडे. म्हणजे तास १,७४०, आणि तुझा हातातला तास २३.२६ वरून एकदम २६.०७ वर गेला. पगार तोच, कर तोच, तासामागे पावणेतीन पौंड जास्त, आणि तू काहीच केलेलं नाहीस. आता उलट्या बाजूने जा. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जातेस, दारापासून दारापर्यंत सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. वर्षाचे ३४८ तास गाडीत. तिकिटाचे ३,००० धर. ते करातूनही वजा होत नाहीत, कारण घर ते ऑफिस हा प्रवास नोकरदाराचा खासगी खर्च समजला जातो. भागाकार कर, २०.२९ येतील. आणि खरंच जितका वेळ बसतेस तितका धरला, आठवड्याला पन्नास तास, तर प्रवास सोडूनही १९.५५. एकाच बाईचा, एकाच पगाराचा तास २६ चाही आणि साडेएकोणीसचाही. जो आकडा भाजकाच्या मर्जीने इतका हलतो, त्यावर कुणाला जमिनीवर आणणार तू?

हिशेबी : आकडा मर्जीने हलत नाही, प्रश्न बदलला की हलतो. माझी एक मैत्रीण नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टवर जायचा विचार करत होती, रोजच्या दराने. तिथे रजेचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तिने पगाराची तुलना करताना १,७४० तासांनीच भागायला हवं. तिने बावन्न आठवड्यांनी भागलं असतं तर कॉन्ट्रॅक्टचा दर होता त्यापेक्षा गोड दिसला असता. घर बदलून लंडनबाहेरच्या स्लाऊहून आणखी पलीकडे जायचं का, हा प्रश्न असेल तर प्रवास धरायलाच हवा. दोन पगारी नोकऱ्यांची तुलना असेल तर १,९५० पुरे, कारण रजा दोन्हीकडे आहे. शिवाय हा भागाकार माझ्या डोक्यातून निघालेला नाही. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सरकार प्रत्येक व्यवसायाचा जो ठरावीक पगार छापतं, तो साडेसदतीस तासांच्या आठवड्यावर बेतलेला असतो; तास कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात बदलावा लागतो. म्हणजे ज्याच्या जोरावर आपली मुलं इथे येतात त्या कागदातच हा तास बसलेला आहे.

साशंक : मान्य, भाजक सोड. भाज्याकडे ये. ‘हातात’ म्हणून तू जे ४५,३५७ धरलेस, तेही तसंच आहे. १९४४ पासून इथे नोकरदाराचा कर पगारातूनच परस्पर कापला जातो, त्यामुळे बँकेत जमा होतं तेवढंच आपलं, अशी सवय लागली. पण नवीन आलेल्या मुलाने व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असतो: मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराच्या आतल्या मुलाला ७७६, आणि सगळ्या वर्षांचा एकदम, आगाऊ. नवराबायको आणि दोन मुलं, पाच वर्षांचा व्हिसा, तर १८,११० पौंड. काही कंपन्या भरतात, बऱ्याच भरत नाहीत. पेस्लिपवर याचा मागमूस नसतो. वर्षाला ३,६२२ पौंड तुझ्या त्या ४५,३५७ मधून आधीच गेलेले आहेत, म्हणजे तासामागे दोन पौंडांहून जास्त. त्या चौघांना चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ताही मिळत नाही, कारण त्यांच्या परवान्यावर सरकारी मदत घेता येणार नाही असं लिहिलेलं असतं. कर मात्र शेजाऱ्याइतकाच.

आणि दुसऱ्या टोकाला बघ. पुण्यात सीटीसी सांगतात त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, सगळं कोंबलेलं असतं. इथल्या ६०,००० मध्ये कंपनीचा खर्च धरलेलाच नाही. तुझ्या पगारावर कंपनी ५,००० च्या वरच्या रकमेवर १५ टक्क्यांनी स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स भरते, ते ८,२५०. म्हणजे तुझा तास कंपनीला, पेन्शनचा वाटा सोडूनच, ३९ पौंडांना पडतो आणि तुला २६ ला. हे मधले तेरा पौंड कुणाच्या तासाचे?

हिशेबी : सरकारचे, आणि त्यातून दवाखाना, शाळा, रस्ते मिळतात, फुकट गेले असं मी म्हणणार नाही. पण तुमचा मुद्दा मी माझ्या बाजूने घेते. जितक्या गोष्टी पेस्लिपवर दिसत नाहीत, तितका हिशेब जास्त करायला हवा, कमी नाही. आणि सगळ्यांत जास्त लपलेली गोष्ट तुम्ही अजून काढलीच नाहीत. सरासरी तास एक असतो आणि पुढचा तास वेगळाच. ६०,००० वर माझी एकूण कपात २४ टक्क्यांच्या आसपास आहे. पण आणखी १ पौंड मिळवला तर ४० पेन्स कराचे, २ इन्शुरन्सचे, हातात ५८. विद्यार्थी कर्ज फेडणाऱ्यांचे आणखी ९ टक्के जातात, त्यांच्या हातात ४९. आपल्या मराठी मंडळात अजूनही लोक सांगतात की चाळीसच्या स्लॅबमध्ये जाऊ नका, सगळ्याच पगारावर चाळीस लागतो. ते साफ चूक आहे. ५०,२७० वरून ५०,२७१ वर गेलात तर त्या एका पौंडाचे ४२ पेन्स जातात, खालच्याला कुणी हात लावत नाही. पगारवाढ नाकारणारी माणसं मी पाहिली आहेत, निव्वळ या गैरसमजापायी.

साशंक : गैरसमज तू म्हणतेस तिथे आहे, पण लोकांची भीती अगदीच निराधार नाही. १९८८ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री लॉसनने ६० टक्क्यांचा वरचा दर मोडून ४० वर आणला, तेव्हा चाळीसचा दर म्हणजे गब्बरांचा दर होता. तेव्हा पगारात आणि त्या रेषेत बरंच अंतर होतं. आता रेषा २०२१ पासून जागची हललेली नाही आणि पगार महागाईबरोबर वर सरकले. शाळेतला विभागप्रमुख, हॉस्पिटलातली सीनियर नर्स, सगळे तिच्या आसपास आले. आणि मोडलेला ६० टक्क्यांचा दर परतलाच की, फक्त कुठल्या तक्त्यात छापलेला नाही. २०१० पासून १,००,००० च्या वर दर दोन पौंडांमागे करमुक्त रकमेतला एक पौंड काढून घेतात. त्यामुळे १,००,००० ते १,२५,१४० या पट्ट्यात प्रत्येक पौंडामागे ६० पेन्स कर, २ इन्शुरन्स. १०,००० ची वाढ, हातात ३,८००. आणि लहान मुलं असतील तर नर्सरीच्या तीस फुकट तासांचं काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

हिशेबी : आईबापांपैकी एकाचंही हिशेबातलं उत्पन्न १,००,००० च्या वर गेलं की ते तास गेले, नर्सरीच्या फीवरची सरकारी भर गेली. तिथे उतार नाही, थेट कडा आहे. तिथे एक पौंड खरोखरच हजारो पौंडांना पडतो. आणि हे सगळं माणशी चालतं. दोघं प्रत्येकी ५०,००० मिळवत असतील तर घरात ७९,०३९ येतात. एकटा १,००,००० मिळवत असेल आणि दुसरी घरी असेल तर ६८,५५७. साडेदहा हजारांचा फरक. म्हणून तर मी म्हणते, पुढच्या तासाचा भाव माहीत हवा.

साशंक : पुढच्या तासाचा भाव! इथेच माझी खरी हरकत आहे, मघापासून मी आकड्यांत गुंतून पडलो. तुझा पुढचा तास विकला जातो कुठे? दुकानातल्या मुलीला तासावर पैसे मिळतात. तिने सात ते आठ आणखी एक तास केला तर २०२५-२६ च्या दराने किमान १२.२१ मिळतील. तू सात ते आठ बसलीस तर किती मिळतात? शून्य. तुझा पगार हा तासांचा मोबदलाच नाही. तू जबाबदारी उचलतेस, फोन उचलतेस, काही बिघडलं तर तुझं नाव पुढे येतं, त्याचे ते पैसे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एखादी अडचण सुटते, तो तास कुठल्या खान्यात टाकणार? आजारी असतेस तरी पगार येतो, तो कुठल्या? जी वस्तू तासाने विकलेली नाही तिला तासाने भागायचं आणि आलेल्या आकड्याला भाव म्हणायचं.

आणि तो आकडा मग घरात फिरायला लागतो. तुझ्या पिढीत मी हे ऐकतो: माझा तास ३४ पौंडांचा, मग १५ पौंड तासाने साफसफाईला बाई का ठेवू नये, मुलाला पोहायला नेण्यात दोन तास का घालवू. मुलाला पोहायला नेणं ६८ पौंडांना पडतं, असं बोलणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. चांगला माणूस आहे, वेडा नाही. पण आकड्याने त्याला हे बोलायला शिकवलं.

हिशेबी : त्या माणसाला हिशेब येत नाही, एवढंच. तीन चुका आहेत त्या एका वाक्यात. ३४ हा ढोबळ तास, बाईला द्यायचे पैसे मात्र कर भरून उरलेले. ३४ ही सरासरी, प्रश्न पुढच्या पौंडाचा आहे. आणि तिसरी तुमचीच: तो मोकळा झालेला तास त्याला कुणी विकत मागितलेला नाही. नीट मांडलं तर गोष्ट उलटी दिसते. चाळीसच्या दरात असलेल्या माणसाला १५ पौंड हातात यायला जवळजवळ २६ कमवावे लागतात. स्वतः झाडूपोछा केला तर त्यावर कर नाही, इन्शुरन्स नाही, कुणी काही कापत नाही. म्हणजे घरातला तास वरच्या दरात गेल्यावर स्वस्त होत नाही, महाग होतो. हे मला भागाकार केल्याशिवाय दिसलं नसतं.

आणि काका, एक गोष्ट जरा टोचेल. तासाला भाव लावू नये, तास पवित्र असतो, हे बोलणं कुणाला परवडतं? आपल्या घरांत बाईचे तास कुणी कधी भागलेच नाहीत. भागले नाहीत म्हणून ते फुकट होते, पवित्र नव्हते. मी चार दिवसांची नोकरी करत होते तेव्हा पाचवा दिवस ‘सुट्टीचा’ धरला जायचा, आणि त्या दिवशी बॉयलरवाला यायचा, दाताच्या डॉक्टरची वेळ असायची, शाळेचं नाटक असायचं. आकडा समोर ठेवला तेव्हा पहिल्यांदा घरात त्यावर बोलणं झालं.

साशंक : टोचलं. पण तू ते जिंकलंस कशाने बघ. घरातल्या तासाला मान मिळवून द्यायला तुला ऑफिसचा दर उसना घ्यावा लागला. उद्या तुझा पगार अर्धा झाला तर त्या पाचव्या दिवसाची किंमत अर्धी होणार का? आणि तुझ्या नवऱ्याचा दर तुझ्याहून कमी असेल तर बॉयलरवाल्यासाठी नेहमी तोच थांबणार? मोजमापाने बोलणं सुरू झालं हे मला मान्य आहे. संपवायचं कुणी, हे मोजमाप सांगत नाही.

हिशेबी : संपवायला मी अजून गेलेच नाही. तुम्हाला खरी अडचण सांगते, म्हणजे वाद हवेत राहायला नको. मला बढती देताहेत, ६०,००० चे ७२,००० होतील. पूर्ण वर्षाचा विचार करू. वरच्या १२,००० मधून ४२ टक्के गेले, राहिले ६,९६०. दोन मुलांचा चाइल्ड बेनिफिट वर्षाला २,२५२ येतो; ६०,००० च्या पुढे दर २०० पौंडांमागे त्यातला एक टक्का परत जातो. ७२,००० वर साठ टक्के गेला, म्हणजे १,३५१. हातात राहिले ५,६०९. काम मात्र आठवड्याला आठ तास वाढेल असा माझा अंदाज आहे, वर्षाचे ३७१. तासाला १५.११. ढोबळ पाहिलं तर ३२, आताच्या तासाच्या जवळपास, म्हणून साहेबाला ही ऑफर रास्त वाटते. माझ्या हातात त्याच्या निम्म्याहून कमी. आता सांगा, हे न मोजता हो म्हणायचं?

साशंक : न मोजता म्हणू नकोस. पण तुझ्याच हिशेबात एक दार उघडं आहे. ते १२,००० सगळे पेन्शनमध्ये टाक, पगारातूनच कापून. मग कर नाही, इन्शुरन्स नाही, चाइल्ड बेनिफिटही शाबूत. ५,६०९ च्या ऐवजी १२,००० तुझ्याच नावावर. तास ३२ चा झाला.

हिशेबी : हो, आणि हातात शून्य. २०२८ पासून पेन्शनला हात लावायचं वय ५७ होतंय. तेव्हा चौथा हिस्सा करमुक्त, बाकीच्यावर त्या वेळी जो असेल तो कर. त्यात सरकारने जाहीर केलंय की २०२९ पासून अशा कपातीत वर्षाला २,००० पौंडांवरच इन्शुरन्सची सवलत राहील. आज मुलं नऊ आणि सहा वर्षांची आहेत. आज दर आठवड्याला संध्याकाळचे आठ तास द्यायचे आणि मुलं आपापल्या घरी गेल्यावर त्याचे पैसे घ्यायचे. हा हातात येणारा पगार म्हणायचा का, मला सांगता येत नाही.

साशंक : बघ, आता तूच म्हणतेस की आकड्याला नाव देता येत नाही. पंधरा, बत्तीस, शून्य, तिन्ही बरोबर.

हिशेबी : तिन्ही बरोबर आहेत आणि तिन्ही उपयोगी आहेत. साहेबाशी बोलताना बत्तीस, घरी बोलताना पंधरा, म्हातारपणाचा विचार करताना ते बारा हजार. मला एकच आकडा हवाय असं मी कधी म्हटलं? तुमचाच हट्ट आहे की एकच नसेल तर एकही नको.

साशंक : माझा हट्ट वेगळा आहे. तिन्ही आकडे त्या आठ तासांवर उभे आहेत, आणि ते आठ तास कुणी ठरवलेत? तू. अंदाजाने. करार तर म्हणेल साडेसदतीसच. पगार पेन्सपर्यंत माहीत, कर पेन्सपर्यंत माहीत, आणि ज्याने भागायचं ते ‘साधारण आठ’. बारा झाले तर तुझे पंधरा दहावर येतील, आणि दुकानातल्या मुलीला कायद्याने मिळणाऱ्या ढोबळ दराच्याही खाली जातील.

हिशेबी : म्हणून तर मी सोमवारी साहेबाला विचारणार आहे की जादा काम कुठल्या दिवशी, किती वाजेपर्यंत, ते लिहून द्या.

साशंक : देणार नाहीत. आणि दिलं, तर तो पगार राहणार नाही, रोजंदारी होईल. वरच्या जागेचा सगळा अर्थच हा असतो की वेळ विचारायची नाही.

हिशेबी : मग नाही दिलं, तर त्या बारा हजारांना मी कशाने भागू?